गरम पाण्याचा रस्ता

ओसू, आक्रा
१४ एप्रिल १९९१

आयीटे दादांस,

कुणीही मेलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे हॅम्बुर्गात बसलेला माणूस आधी काळा शर्ट शोधायला उठतो. उठू नका. आत्या जिवंत आहे, ऐंशीची झाली आहे, आणि आज सकाळीच तिनं मासळीवालीला असं काही सुनावलं की टोपलीतल्या माशांनी डोळे मिटले. मीही आहे. घरही आहे, म्हणजे तुम्ही विकून उरलं तेवढं.

भांडायला लिहीत नाही. सांडपाण्याच्या पाइपाबद्दल एक गोष्ट विचारायची आहे, ती तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

आत्या जन्मभर अंगणातच, आणि अंगण गेल्यावर दारापुढे, कोमी शिजवत आली. तीन दगड, वर पिंप, पिंपात मक्याच्या सालात गुंडाळलेले पिठाचे गोळे, आणि धुराच्या आत कुठेतरी आत्या. आता डॉक्टर म्हणतो, "धूर बंद करा, नाहीतर बाई बंद होईल." म्हणून मी माझी मागची खोली स्वयंपाकघराला दिली. गॅसची शेगडी आली, स्टीलचं सिंक आलं. मी माझा पलंग आत्याच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी टाकला. ती घोरते, मी तक्रार करते, ती म्हणते मीच घोरते.

सिंक आलं म्हणजे पाणी आलं, आणि आलेलं पाणी गेलं पाहिजे. कोमीचं पाणी थोडंथोडकं नसतं. पिंपभर असतं, उकळतं असतं आणि पेजेसारखं चिकट असतं. पूर्वी ते अंगणातून मागच्या गटारात जायचं. ते अंगण तुम्ही हॅम्बुर्गात बसून, वकिलाच्या हातून, बोटवेला विकलंत. बोटवे तिथे गोठवलेल्या कोंबड्या विकतो. त्यानं आपल्या घराला खेटून भिंत घातली आहे. मधे जो बोळ उरला आहे त्याच्यातून मी आडवी होऊन जाते, आणि आत्या उभी आडवी कशीच जात नाही. मागचं गटार गेलं. राहिलं रस्त्याकडचं.

रस्त्याकडे जायला पाइपाला दोन वाटा आहेत. एक सरळ, हॉलच्या फरशीखालून. दुसरी बोळातून, आत्याच्या खोलीच्या भिंतीला धरून, वळसा घालून.

मास्टर डोत्से म्हणून प्लंबर गाठला आहे. नदीपलीकडचा, छाती बाहेर, पोट छातीच्याही बाहेर. आक्रातलं सगळं पाणी आपल्याला नावानं ओळखतं असं त्याचं म्हणणं.

"मॅडम, हॉलमधून नेऊ. सरळ पाइप आणि सरळ बायको, घरात आवाज नसतो."

"तुझी बायको कुठंय रे?" आत्यानं विचारलं.

"माहेरी गेलीय."

"मग वाकडा तूच असशील."

त्यानं हॉलमध्ये खडूनं रेघ मारली. आत्या हातातल्या झाऱ्यासकट त्या रेघेवर जाऊन उभी राहिली.

"इथून? मोठ्या नाआच्या अंगावरून? उकळतं पाणी?"

"कोण मोठी नाआ?"

"माझी आत्या. खाली आहे."

डोत्सेनं एक पाय उचलला. मग तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, म्हणून बराच वेळ तसाच उभा राहिला.

तर दादा, प्रश्न असा. मोठी नाआ गेली तेव्हा मी पाळण्यात होते. मला ठाऊक आहे ते सगळं कानावरून: सरकारनं घरात पुरायला बंदी घातलेली, आणि बाबांना तिला घराबाहेर पाठवायचं नव्हतं, म्हणून वाळूनं भरलेली पेटी वाजतगाजत दफनभूमीत गेली आणि ती मात्र घरातच राहिली, हॉलमध्ये. खणणारे दोघंच. बाबा, आणि तेव्हा विशीचे तुम्ही. बाबा केव्हाच गेले. आत्याला फक्त "हॉल" एवढंच माहीत, कारण बायकांना तेवढंच सांगितलं होतं. म्हणून ती आजही हॉलमध्ये चपला घालत नाही, तिथे कुणाला खलबत्ता घेऊन बसू देत नाही, आणि जन्मभर अंगणात गरम पाणी ओतण्याआधी "आगोऽ" अशी हाळी देत आली, परक्याच्या दारात देतो तशी. खालच्यांनी पाय आखडून घ्यावेत म्हणून.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी फक्त विचारते: हॉलच्या कोणत्या कोपऱ्यात? म्हणजे पाइप तिला वळसा घालून नेता येईल. एका ओळीचं उत्तर पुरे. अंगणाबद्दल एक शब्दही लिहू नका, मीही लिहिणार नाही. (लिहिला, पण तो आता खोडत नाही.)

आयोर्कोर


ओसू
५ मे

दादा,

उत्तर नाही. आधी पोस्टाला दोष दिला, मग पोस्टमनला, मग जर्मनीला. आता दोष द्यायला तुम्हीच उरलात.

थांबता येत नव्हतं. सिंक बसलं होतं, आणि त्याच्याखाली बादली ठेवून दर बादलीला मी रस्त्यापर्यंत पळत होते. शाळेतल्या मुलींनी मला पळताना पाहिलं. भूगोलाची बाई बादली घेऊन पळते आहे, हे त्यांना वर्षभर पुरेल.

शेवटी बोळाचं ठरलं. आत्याच्या समाधानासाठी. ऐंशीव्या वर्षी तिला कशाला दुखवायचं? यापेक्षा वेगळं काही कारण नाही. हॉलमध्ये पहिली कुदळ मारायची वेळ आली तेव्हा मला शाळेत नेमकं काम निघालं, हा योगायोग.

डोत्सेचं तोंड उतरलं होतं. "लांबची वाट म्हणजे उतार पातळ, मॅडम. पाणी आळशी होतं. साल अडकेल."

"सालं गाळून घेऊ."

"आणि भिंतीच्या पायथ्याशी चर खणावा लागेल."

आत्याच्या खोलीची ती भिंत मातीची, आजोबांच्या काळात पायांनी तुडवलेल्या चिखलाची, वरून सिमेंटचा नुसता हात फिरवलेली. मी विचारलं, पायथा उघडा पडणार नाही ना?

"मॅडम, किती पावसाळे बघितलेली भिंत आहे! मला बघून थोडीच पडेल?"

"तुला बघून दूध नासतं," आत्या आतून म्हणाली. "भिंतीचं मी सांगत नाही."

पाइप टाकला. पांढरा, नवा, सुंदर. पहिलं पाणी सोडताना आत्या सिंकपाशी उभी राहिली आणि भोकात तोंड घालून म्हणाली, "आगोऽ!"

मी म्हटलं, "आत्या, हे पाणी हॉलकडे जातच नाही. हाळी कुणाला देतेस, बोटवेच्या कोंबड्यांना?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पिंप ओतलं. त्यानंतर तिनं सिंकमध्ये हाळी दिलेली नाही. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल.

तुमचं उत्तर आता नको. काम झालं. तब्येत सांभाळा.

आ.


ओसू
२६ मे

दादा,

उत्तर नको म्हटलं होतं, ते शब्द मागे घेते.

स्वयंपाकघर छान झालं आहे, हे आधी सांगते. आत्याचा खोकला कमी झाला. धूर नाही म्हणून ती आता स्पष्ट दिसते, आणि त्यामुळे स्पष्ट बोलतेही. शेजारणी बघायला येतात, नळ उघडतात, बंद करतात, "एऽ!" म्हणतात आणि जाताना दोन कोमी फुकट नेतात.

फक्त भिंतीला थोडी ओल आली आहे. आत्याच्या पलंगाच्या डोक्याशी, खाली, हाताएवढी. डोत्सेला दाखवली. तो म्हणाला, पाइप घामाघूम झाला असेल.

"पाइपाला घाम येतो?"

"उन्हात कुणाला येत नाही, मॅडम?"

चार दिवसांत ओल हातावरून माणसाएवढी झाली. मग बोळात आडवी होऊन मी स्वतः बघून आले. पाइपाला घाम आला नव्हता, पाइप वितळून मऊ पडला होता. रोजचं उकळतं पाणी त्या पांढऱ्या प्लास्टिकला सोसलं नाही. तो दोन आधारांच्या मधे म्हाताऱ्या गाढवाच्या पाठीसारखा वाकला आणि वाकला तिथला जोड उघडला. म्हणजे पाइप लागल्यापासून पिंपामागून पिंप पाणी गटारात गेलंच नाही. ते भिंतीच्या पोटात गेलं आणि तिथून आमच्या खोलीखाली.

डोत्सेनं ते बघितलं आणि स्वतःच सिंकखाली बादली नेऊन ठेवली. मला ते मुळीच आवडलं नाही.

सिंक बंद केलं आहे. बादली परत आली आहे. पण चर उघडाच आहे, आणि जूनचा पाऊस वेळेच्या आधी लागला आहे. बोटवेच्या छपराचं पाणी सगळं त्या बोळात पडतं आणि चरात साचतं. बोळाला पुरेसा उतार नाही, म्हणून त्याला जायला वाट नाही. उरली ती एकच: हॉलच्या फरशीखालून रस्त्याकडे. डोत्से म्हणतो, एका दिवसात फोडून चर मोकळा करतो, पण "खाली कोण कुठे आहे ते आधी सांगा; तुमच्या नाआला माझी कुदळ लागली तर माझ्या घरात पोरं जन्माला यायची थांबतील." त्याला सहा पोरं आहेत. मी म्हटलं, थांबलेली बरी. तो हसला नाही.

कोणता कोपरा, दादा?

आयोर्कोर


ओसू
८ जून

दादा,

आज चेष्टा करायला जीव होत नाही. प्रयत्न केला, पण तीन कागद फाडले.

भिंतीला तडा गेला आहे. छतापासून खाली आत्याच्या उशीपर्यंत. परवा त्यात नख जात होतं, आज बोट जातं. पाऊस थांबला की भिंतीच्या आत माती गळते, बारीक, कुणीतरी आतल्या बाजूनं हात फिरवत असल्यासारखी. पाऊस पडत असतो तेव्हा ती गळते की नाही ते कळत नाही, आणि ते जास्त वाईट.

मोडकळीला आलेल्या या खोलीत दोन म्हाताऱ्या झोपतात म्हटल्यावर कुणीही म्हणेल, हॉलमध्ये झोपा. मीही म्हटलं.

"हॉलमध्ये?" आत्या म्हणाली. "तिच्या डोक्यावर पाय पसरून? मेलेलीच्या छातीवर जिवंतानं घोरायचं?"

"मग बोटवेकडे. तो जागा देतो म्हणाला."

"कोंबड्यांबरोबर? मला गोठवायची वेळ अजून आली नाही."

"आत्या, भिंत पडेल. तुझ्यावर पडेल."

"पडू दे. भिंत पडली तर मी एकटी मरेन. ती रागावली तर तू मरशील, तो नदीपलीकडचा मरेल, आणि तिकडे बर्फात बसलेला तुझा भाऊही मरेल. हिशोब कर, कोणती स्वस्त पडते."

मी तिचा पलंग एकटीनं ओढायला गेले. ती त्यावर बसून राहिली. तिचं वजन तुम्हाला आठवत असेल.

तुम्ही म्हणाल, आयोर्कोर, तू काही मानत नाहीस ना, मग तू तरी हॉलमध्ये झोप. आत्याला सोडून मी जाणार नाही, हे एक कारण. दुसरं, हॉलमध्ये डास फार आहेत. तिसरं विचारू नका.

डोत्सेनं भिंतीला बाहेरून दोन वासे टेकवले आहेत. त्यांची बुडं चिखलात आहेत. तो चिखल आम्हीच केला.

तुम्हाला राग असेल तर असू दे. मी अंगणाचं नाव घेणार नाही, तुम्ही इथे आलात तरी कधी या घरात राहिला नाहीत त्याबद्दल विचारणार नाही. बंदरावरच्या खोलीत का उतरायचात, नुसते दारातून कोमी घेऊन का परत जायचात, काही विचारणार नाही. मला फक्त सांगा की ती कुठे आहे. तेवढं कळलं तर हॉल फोडता येईल, पाणी सुटेल, भिंत वाळेल. बोटवेच्या दुकानात फोन आहे, नंबर खाली लिहिला आहे. पाऊस आला की तो फोन मरतो. म्हणून पत्रही लिहा. दोन्ही करा.

तुमची बहीण


ओसू
२४ जून

आयीटे दादा,

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. अक्षर लागलं नाही तर दोष द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

पाकीट मी दारातच फोडलं आणि पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं. "ती हॉलमध्ये नाही." हे वाचून मी पुन्हा वरून वाचलं, कारण मला वाटलं मी ओळ चुकले. मग पुढचं. बाबांनी त्याच महिन्यात हॉलला नवं सिमेंट केलं होतं. गल्लीतलं पहिलं. लोक बघायला येत होते. सगळ्या घराला त्यांनी सांगितलं की हॉलमध्ये. आणि रात्री तुम्हाला म्हणाले की नवी फरशी कोण फोडणार, शेजारच्या खोलीत नुसती माती आहे, तिथे खण. भिंतीकडेला. आणि कुणाला बोलू नकोस.

दादा, ती शेजारची खोली म्हणजे आत्याची खोली. ती भिंत म्हणजे ती भिंत.

तुम्ही हे लिहिताना आमची खोली डोळ्यांपुढे आणली असेल की नाही कोण जाणे. मी आणली. आत्याचा पलंग. त्याखाली नंतर कधीतरी घातलेलं सिमेंट. त्याखाली मोठी नाआ. आणि तिच्या उशाशी उघडा जोड, ज्यातून महिनाभर, रोज, हाळी न देता, उकळतं पाणी.

तिच्या अंगावरून पाणी जाऊ नये म्हणून ती लांबची वाट काढली होती. ज्या फरशीवर आत्या जन्मभर चपला न घालता चालली, तिच्याखाली वाळूदेखील नाही. आणि जिच्यावर झोपायला नको म्हणून ती मरायला तयार होती, तिच्यावरच ती पन्नास वर्षं झोपली आहे.

मी मानत नाही. पण मी दारातच खाली बसले.

आत्या स्वयंपाकघरात पीठ मळत होती. मी तिला पहिलं पान वाचून दाखवलं. तिनं हात धुतले नाहीत, पीठ तसंच. माझ्याकडे न बघता खोलीत गेली, पलंगाखालच्या जमिनीकडे वाकून बघितलं, आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "आगो."

आणि मग, दादा, जी बाई तड्याला भ्याली नाही, पावसाला भ्याली नाही, डोत्सेच्या, बोटवेच्या, माझ्या विनवणीला जिनं भीक घातली नाही, तिनं गादीचं एक टोक स्वतः धरलं. "बघतेस काय? उचल! तिच्या छातीवर बसलोय आपण! उचल ना, भूगोलवाले!"

गादी हॉलमध्ये आली. पलंग आला, माझाही आला. तिची ट्रंक, देवाचं चित्र, झारा, सगळं. शेवटी ती माझ्या चपला घेऊन आली आणि हॉलच्या मधोमध ठेवल्या. "घाल. इथे कुणी नाही."

भिंत शनिवारी पडली. संध्याकाळी, अजून उजेड होता. पाऊस नव्हता, थांबून दोन तास झाले होते. आम्ही हॉलमध्ये बसून मासा खात होतो. आधी डोत्सेचा एक वासा सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग एक असा आवाज आला की जेवणाच्या ताटल्या जागच्या हलल्या. धूळ हॉलच्या दारापर्यंत आली. पावसाळ्यात धूळ! आत्याच्या हातातला मासा तसाच राहिला.

भिंत आतल्या बाजूला पडली. जिथे उशा होत्या तिथे माझ्या कमरेइतकी माती आहे.

बोटवे धावत आला, डोत्से आला, गल्ली आली. आत्या म्हणत राहिली, "तिनं उठवलं. मला हाताला धरून उठवलं." डोत्सेनं टोपी काढली. मला म्हणायचं होतं की उठवलं ते दादांच्या पत्रानं. पण पत्र एक दिवस उशिरा येऊ शकलं असतं. हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही, तुम्हालाच लिहिते, कारण तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढं एकच आहे: एक दिवस.

तुमच्या पत्राचं दुसरं पान मी आत्याला वाचून दाखवलेलं नाही. ते मी ब्लाउजमध्ये घडी करून ठेवलं आहे. त्याबद्दल पुढे लिहीन. आज होत नाही.

आयोर्कोर


ओसू
७ जुलै

दादा,

आता दुसऱ्या पानाबद्दल.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही पायाकडून धरलं होतं, आणि पाय गरम होते. बाबांना म्हणालात, बाबा म्हणाले, गप्प खण. आणि तुम्ही गप्प खणलंत. त्यानंतर पहिलं मिळालं ते जहाज धरलंत. या घरात एक रात्र पाठ टेकली नाहीत, आणि म्हातारपणी अंगण विकलंत ते पैशासाठी नाही, तर असंच तुकड्या-तुकड्यानं घर नाहीसं होईल म्हणून. पन्नास वर्षं तुम्हाला वाटतं आहे की तुम्ही एका जिवंत बाईवर माती लोटली.

मी ते पान दोन आठवडे अंगावर वागवलं. रात्री ते चुरचुरायचं. मला पडलेल्या भिंतीची भीती वाटत होती, ती या पानापुढे काहीच नाही. समजा खरंच असलं तर? ज्या जागेवर मी दोन महिने घोरले तिथे? मी हॉलमध्ये पडून फरशीवर कान ठेवायचे, आणि मग आठवायचं की ती हॉलमध्ये नाही, आणि मग तिकडच्या उघड्या बाजूकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करायचे.

शेवटी परवा आत्याला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं. हातातलं कोमीचं साल गोल गोल फिरवलं.

"पाय गरम होते म्हणतो?"

"हो."

"किती गरम?"

"आत्या! लिहिलंय गरम, मोजलेले नाहीत."

"असणारच," ती म्हणाली. "मीच आंघोळ घातली होती तिला. मेलेल्याला गार पाण्यानं घालायची. पण ती बाई जन्मभर गार पाण्याला भ्यायची, दादला समुद्रावर नेईल म्हणून तिनं कोळ्याशी लग्न केलं नाही. मला बघवेना. सगळ्या बायका रडायला बाहेर गेल्या, आणि मी कोमीच्या पिंपातलं कढत पाणी आणून तिला घातलं. दोन बादल्या. अंगानं चांगली ऊब धरेपर्यंत."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? मेलेलीवर गरम पाणी ओतलं म्हणून? मारलं असतं मला!" मग हळूच म्हणाली, "तेव्हापासूनच तर ओतताना हाळी देते. म्हटलं, आत्ताचं तरी सांगून ओतावं."

तर आता ऐका, आयीटे दादा. ती थंडगार होती. मरून अर्धा दिवस होऊन गेला होता, आणि आंघोळ पुरण्याच्या जरा आधीची. गरम होतं ते कोमीचं पाणी. आपल्या घरात बाबांनी फरशी वाचवायला एक गोष्ट लपवली, आत्यानं माया लपवायला दुसरी लपवली, आणि दोन्हींच्या मधे सापडून तुम्ही जन्मभर जर्मनीत हिवाळा काढलात.

घराची बातमी. हॉलची फरशी फोडली. बाबांचं ते सिमेंट फुटता फुटेना, डोत्सेची कुदळ बोथट झाली. खाली निव्वळ माती. तरी तो प्रत्येक घावाआधी "आगो" म्हणत होता. मी म्हटलं, इथे कुणी नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरात मी आता कुणावरच विश्वास ठेवत नाही." यावेळी पाइप लोखंडी आहे. सरळ, चांगल्या उतारानं, रस्त्याकडच्या गटारापर्यंत. बोळातलं पाणीही त्यातूनच जातं. पहिलं पिंप ओतलं तेव्हा पाणी असं गेलं की आत्या म्हणाली, "एऽ, पळालं की!"

पडलेल्या भिंतीची माती आम्ही उपसली. जमीन तशीच आहे, सिमेंटला फक्त भेग आहे. आत्याला प्रायश्चित्त म्हणून तिथे गार पाणी ओतायचं होतं, महिनाभराचं गरम उतरावं म्हणून. त्यासाठी बोटवेकडून बर्फाची लादी मागवली; त्यानं पैसे घेतले नाहीत, उलट स्वतः खांद्यावरून आणली. बादलीत बर्फ विरघळला. आत्या बादली घेऊन त्या जागेपाशी गेली, वाकली, आणि थांबली.

"काय झालं?"

"गार पाण्याला भ्यायची ती," आत्या म्हणाली.

मग बादली परत आत आणली, शेगडीवर ठेवली, हात घालून घालून बघितली आणि कोमट झाल्यावर नेऊन ओतली. हाळी देऊन.

आता उरलं ते दारू शिंपडून चार शब्द बोलण्याचं. त्याला घरातला पुरुष लागतो. श्नॅप्सची हिरवी बाटली आणून ठेवली आहे. बोटवे तयार आहे, डोत्से तर फारच तयार आहे, दोघांचीही नजर शब्दांवर नसून बाटलीवर आहे. आत्या कुणाला हात लावू देत नाही. म्हणते, ज्यानं पाय धरले होते त्यानं येऊन बोलायचं.

या. तिकिटाचं जमवा, गुडघ्यांचं जमवा. बंदरावर उतरलात तर मी बोलणार नाही. तुमचा पलंग हॉलमध्ये माझ्या आणि आत्याच्या मधे टाकते. कोण घोरतं ते एकदाचं ठरेल.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. अंधार पडला की मी अजूनही त्या बाजूला जात नाही. सगळं कळलं, पाइप सरळ झाला, काही मानतही नाही, तरी जात नाही. आत्या तर तिकडे पाठ करूनही बसत नाही. तुम्ही आलात की तिघं मिळून घाबरू. एकेकट्यानं फार झालं.

तुमची,
आयोर्कोर